हृदयरोगाचे संशोधन आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच आपण टाळ्यांच्या गजरात केला. ही मुलेमुली व्यासपीठावरून खाली उतरून घरी पोहोचतात न पोहोचतात तोच ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न त्यांस विचारला जाईल. डॉक्टर, इंजिनियर, सनदी हिशेबनीस आणि सरकारी नोकरी ही चार उत्तरे आपल्या घरांत तयारच असतात. या चारही मार्गांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु पाचवाही एक मार्ग आहे. तो आपल्या ज्ञातीत फारसा कोणास ठाऊक नाही, आणि ज्यांस ठाऊक आहे त्यांस तो श्रीमंतांचा वाटतो. हृदय आणि रक्ताभिसरण यांच्या विकारांवर संशोधन करून पीएच.डी. मिळविणे, तेही शिष्यवृत्तीच्या आधाराने, घरातून पैसा न घेता, हा तो मार्ग होय. आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे शिक्षणनिधीसंबंधी जो ठराव येणार आहे, त्याचाही या विषयाशी निकटचा संबंध आहे.

हृदयरोगच का, असे कोणी विचारील. या स्मरणिकेची पाने चाळणाऱ्यास त्याचे उत्तर वेगळे सांगावयास नको. श्रद्धांजलीच्या पानांवरील छायाचित्रे पाहावीत आणि त्यांखालील वय वाचावे. सत्तरी-ऐंशी ओलांडून कृतार्थपणे गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी, ज्यांची मुले अद्याप शाळेत आहेत अशा कर्त्या पुरुषांची छायाचित्रे आपणांस दिसतात, आणि त्यांच्या निधनाचे कारण बहुधा आपणा सर्वांस ठाऊक असते. आपले आजोबा-पणजोबा वाडीत राबत होते. रहाटाचे पाणी, केळीचे लोंगर, पानवेलीची निगा यांतच त्यांचा दिवस सरत असे. आज विरार, नालासोपारा आणि वसई रोड या स्थानकांवर पहाटेपासून गर्दी लोटते. जाण्यायेण्यात तीन-चार तास जातात, दिवस खुर्चीत जातो, झोप पुरी होत नाही. जीवन पालटले, परंतु देह तोच राहिला.

या देहाविषयी शास्त्र काय सांगते ते पाहू. २००७ साली नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक देशांतील रुग्णांची तुलना करता, पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियातील लोकांत ५३ वर्षे आणि इतर देशांतील लोकांत सुमारे ५९ वर्षे आढळले. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांचा फरक! ही सहा वर्षे म्हणजे मुलाचे शिक्षण पुरे होण्याची, मुलीचे लग्न पार पडण्याची, घराचे कर्ज फिटण्याची वर्षे होत.

असे का व्हावे? या प्रश्नाचे एक उत्तर पुण्याने जगास दिले. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलोग्रॅम भरले, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. आपली बालके लहान, हातापायांनी बारीक, स्नायूंनी दुबळी. परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली! दिसावयास कृश आणि आतून मेदयुक्त, अशी ही आपली प्रकृती जन्मापासूनच असल्याचे त्यावरून दिसून आले. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचाही २२.३ इतका तंतोतंत सारखा होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र इंग्रज गृहस्थांत शेकडा ९.१ आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांत शेकडा २१.२ भरले. सडपातळ माणसास हृदयरोगाची भीती नाही, ही आपली समजूत त्या एका छायाचित्राने खोटी ठरविली.

या संशोधनाचा अर्थ आम्ही असा समजतो की, पन्नाशीतील पुरुषाच्या हृदयरोगाचे एक मूळ, त्याच्या जन्मापूर्वी त्याच्या आईच्या ताटात काय पडत होते, येथपर्यंत जाऊन पोहोचते. घरातील सर्वांचे जेवण आटोपल्यावर उरेल त्यावर भागविणारी सून हा आता केवळ कौटुंबिक रीतीचा प्रश्न राहिला नाही, तो हृदयरोगशास्त्राचा प्रश्न झाला आहे. आणि हे लंडनच्या माणसांची तपासणी करून कळले नसते. त्यासाठी आपल्याच गावांत, आपल्याच मातांच्या घरी जाऊन मोजमाप करणारे संशोधक लागले.

आणखी एक उदाहरण देतो. हृदयाच्या स्नायूंतील एका प्रथिनाची माहिती ज्या जनुकात साठविलेली असते, त्यातील २५ अक्षरांचा एक तुकडा काही लोकांत गळालेला असतो. भारतीय उपखंडातील दर शंभरांत सुमारे चार जणांत हा दोष आढळतो आणि उतारवयात हृदयाचा स्नायू दुबळा होण्याचा धोका त्याने वाढतो, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. त्या कामात हैदराबाद आणि मदुराई येथील संशोधकांचा मोठा वाटा होता. युरोपच्या लोकांत हा दोष जवळजवळ नाहीच. मग तो शोधून काढण्याची निकड आपल्यावाचून कोणास भासणार?

आता ‘पीएच.डी.’ म्हणजे नेमके काय, ते सांगितले पाहिजे. कारण ‘डॉक्टर’ या एका शब्दाने फार घोटाळा होतो. रुग्णास तपासून औषध देणारा डॉक्टर वेगळा आणि संशोधनाने डॉक्टर झालेला वेगळा. पहिला आज समोर बसलेल्या माणसास बरे करतो. दुसरा, तो माणूस आजारी का पडला याचा शोध घेतो, आणि त्याचे उत्तर ज्यांस तो कधी पाहणारही नाही अशा हजारोंच्या उपयोगी पडते. हृदयावर संशोधन करावयास एम. बी. बी. एस. झालेच पाहिजे असे नाही. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, पदार्थविज्ञान, संख्याशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, अभियांत्रिकी यांपैकी कोणत्याही वाटेने या क्षेत्रात जाता येते. रक्तवाहिनीच्या आतील अस्तरास मेदाचा थर कसा चिकटतो, हा रसायनाचा प्रश्न आहे. कृत्रिम झडपेतून रक्त कसे वाहते, हा अभियांत्रिकीचा. दहा हजार लोकांच्या नोंदींतून धोका कोणास अधिक हे ठरविणे, हा संख्याशास्त्राचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तर झेब्रामासा नावाच्या बोटाएवढ्या माशाच्या हृदयाचा अभ्यास चालतो. कारण त्या माशाच्या हृदयाचा तुकडा कापला तरी सुमारे दोन महिन्यांत तो पुन्हा भरून येतो, हे २००२ साली सिद्ध झाले. माणसाच्या हृदयाची जखम अशी का भरत नाही, या एका प्रश्नावर जगातील कितीतरी तरुण आज आपली डॉक्टरेट मिळवीत आहेत.

या वाटेने आपल्यापूर्वी कोणी गेलेच नाही असेही नाही. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांचे नाव आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती, आणि वाढलेला रक्तदाब तिने उतरतो हे भारतीय डॉक्टरांच्याही ध्यानात आले होते. डॉ. वकील यांनी आपल्या रुग्णांवरील परिणामांची रीतसर मोजमापे घेतली, नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटनमधील हृदयविषयक नियतकालिकात ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले गेले. १९५२ साली तिच्यातील रेसरपिन हे द्रव्य स्वित्झर्लंडमध्ये वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ साली डॉ. वकील यांस अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. आज त्याहून सुरक्षित औषधे निघाली असल्यामुळे कोणी घरच्या घरी सर्पगंधेचा प्रयोग करू नये, हेही येथेच सांगून ठेवतो. आपणांस त्यातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. ज्ञान आपल्या अंगणात असते. परंतु ते मोजून, तपासून, लिहून ठेवल्यावाचून त्याचे शास्त्र होत नाही.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयारोपण केले. जगातील पहिले हृदयारोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. परंतु त्या एका रात्रीच्या मागे प्रयोगशाळेतील कित्येक वर्षांची पूर्वतयारी होती. वसईहून गाडीने दीड तासात गाठता येणाऱ्या ठिकाणी हे घडले, ही गोष्ट आपल्या मुलांस आपण कधी सांगतो काय?

भगिनींसाठी आणि विशेषतः मुलींच्या आईवडिलांसाठी कमलाबाई सोहोनी यांचे उदाहरण पुरेसे आहे. त्या माहेरच्या भागवत, विदुषी दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागितला तेव्हा ‘मुलगी’ म्हणून त्यांस नकार मिळाला. त्या मागे हटल्या नाहीत. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी अखेर अटी घालून त्यांस प्रवेश दिला, आणि त्यांचे काम पाहून संस्थेचे दार पुढे इतर मुलींनाही उघडले. पुढे शिष्यवृत्तीच्या आधारावर त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली डॉक्टरेट घेऊन परतल्या. पेशींच्या श्वसनास आवश्यक असे सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखविले. मुंबईस परतल्यावर त्यांनी नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास केला. माडाच्या आणि ताडाच्या छायेत वाढलेल्या आपल्या लोकांस ती नीरा परकी नाही.

आता पैशाचा प्रश्न. आपल्या घरांत मुलगा एम. एस्सी. झाला की वडील हिशेब मांडतात: ‘आणखी पाच वर्षे शिकवावयाचे म्हणजे किती लाख?’ हा हिशेबच मुळात उलटा आहे. विज्ञानातील डॉक्टरेटसाठी योग्य विद्यार्थ्यास पैसा भरावा लागत नाही, त्यालाच पैसा मिळतो. राष्ट्रीय पातळीवरील कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ शिष्यवृत्ती म्हणून दरमहा ४२,००० रुपये अशी ठरविण्यात आली. दोन वर्षांचे ८,८८,००० आणि पुढील तीन वर्षांचे १५,१२,००० मिळून पाच वर्षांत २४ लाख रुपये होतात. घरभाडे भत्ता वेगळा. २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीत तर पहिल्या वर्षापासून दरमहा ७०,००० रुपये ठेवण्यात आले. अर्थात ती मोजक्याच जणांस मिळते.

ही शिष्यवृत्ती मिळविण्याच्या वाटा निश्चित आहेत. विज्ञान व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांची ‘नेट’ परीक्षा, जैवतंत्रज्ञान विभागाची परीक्षा, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिष्यवृत्ती आणि अभियांत्रिकीकडील मुलांसाठी ‘गेट’, ही त्यांची नावे घरातील भिंतीवर लिहून ठेवावीत. महाराष्ट्रात निरनिराळ्या समाजघटकांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या संशोधन शिष्यवृत्त्या आहेत. ज्यास जी लागू असेल तिची माहिती त्याने घ्यावी. २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांची पदवी शेकडा ७५ गुणांनी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास एम. एस्सी.वाचूनही थेट पीएच.डी.स प्रवेश घेता येतो.

जागा कोठे आहेत? दूर जाण्यापूर्वी जवळ पाहावे. परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातच रक्ताच्या विकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. पवईच्या आय. आय. टी.त जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभाग आहे. माटुंग्यास रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. पुण्यात आघारकर संस्था, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि आयसर आहेत. दक्षिणेत तिरुअनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आहे. भारतीय बनावटीची हृदयाची कृत्रिम झडप तिने तयार केली आणि १९९० साली ती प्रथम एका रुग्णास बसविण्यात आली.

परदेशाची ओढ असणाऱ्यांसाठीही दारे बंद नाहीत. ब्रिटनमध्ये १९६१ साली स्थापन झालेले ब्रिटिश हार्ट फाउंडेशन ही हृदय आणि रक्ताभिसरण यांच्या संशोधनासाठी देणग्या गोळा करणारी धर्मादाय संस्था आहे. सामान्य लोकांनी दिलेल्या पैशांतून ती निवडक विद्यापीठांत चार वर्षांच्या डॉक्टरेटचा खर्च उचलते. तिच्या चार वर्षांच्या योजनांत पहिल्या वर्षी विद्यार्थी दोन-तीन प्रयोगशाळांत आळीपाळीने काम करतो आणि मग आपला विषय निवडतो, ही पद्धत आम्हांस फार शहाणपणाची वाटते. मात्र तेथे परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क स्थानिक विद्यार्थ्याहून पुष्कळ अधिक असते. शिष्यवृत्तीतून ते सगळे भागते की केवळ स्थानिक दराइतके, हे अर्ज करण्यापूर्वीच पत्र लिहून विचारून घ्यावे. परदेशातील उच्च शिक्षणासाठी १८९२ पासून चालत आलेला जे. एन. टाटा निधी आहे. परंतु ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, देणगी नव्हे, हे ध्यानात असावे.

बंधुभगिनींनो, एका बाजूचेच चित्र दाखविले तर आम्ही आपली फसवणूक केल्यासारखे होईल. हा मार्ग खडतर आहे. वर्गातला मित्र नोकरीस लागून घर घेतो, तेव्हा आपला मुलगा अजून ‘शिकतच’ असतो. शिष्यवृत्तीची रक्कम मंजूर झाली तरी हाती पडावयास कित्येकदा महिने लागतात. वर्षभराचा प्रयोग फसतो आणि पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. डॉक्टरेटनंतर प्राध्यापकाची कायम जागा मिळेलच असे नाही. पुष्कळांस औषधनिर्मितीच्या किंवा वैद्यकीय उपकरणांच्या उद्योगात जावे लागते. तेही काम मोलाचेच आहे. म्हणून ज्यास नावामागे केवळ ‘डॉ.’ हे अक्षर हवे आहे, त्याने या वाटेस जाऊ नये. ज्यास एखादा प्रश्न रात्री झोपू देत नाही, त्याने अवश्य जावे. जाताना संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोण, हे पाहावे. त्याच्या हाताखालील विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज ते कोठे आहेत, हे त्या विद्यार्थ्यांनाच भेटून विचारावे. सोयरीक जुळविताना आपण सात घरी चौकशी करतो. पाच वर्षांचा हा संबंध जोडताना निदान तेवढी तरी चौकशी हवी.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलतो. संशोधनाची वर्षे आणि लग्नाची वर्षे एकाच वेळी येतात, आणि माघार मुलीसच घ्यावी लागते. कायदा येथे आपल्यापुढे गेला आहे. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीस प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते आणि सहा वर्षांच्या कमाल मुदतीवर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. जे विद्यापीठ देण्यास तयार आहे, ते सासरच्या मंडळींनी नाकारू नये, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे.

आता ठरावाकडे वळतो. आपल्या शिक्षणनिधीचा लाभ आजवर पदवीपर्यंतच मिळत आला. तो डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांसही मिळावा, असा हा ठराव आहे. काही ज्येष्ठांचा आक्षेप आमच्या कानी आला आहे: ‘शाळेची फी भरू न शकणारे मूल अगोदर, की महिना सदतीस हजार मिळविणारा संशोधक?’ आक्षेप सद्‍भावनेचा आहे आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. शाळकरी मुलाचा घास काढून संशोधकास द्यावा, असे कोणीच म्हणत नाही. संशोधकास दान नकोच आहे. त्यास हवी आहे ती शिष्यवृत्ती उशिरा आली तर मधल्या महिन्यांची तरतूद. ती बिनव्याजी असावी आणि थकलेली रक्कम हाती पडताच निधीत परत जमा व्हावी. त्या पैशाने पुढल्या वर्षी दुसरा विद्यार्थी तरेल. वाडीतील विहिरीवर रहाटाचे पोहरे रिकामे होऊन खाली जात आणि भरून वर येत. निधीही तसाच फिरता राहिला तर आटत नाही. याखेरीज परीक्षेचे आणि अर्जांचे शुल्क, मुलाखतीचा रेल्वेखर्च आणि संशोधनात किंवा रुग्णालयांत असलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांची एक नोंदवही, एवढ्याच मागण्या ठरावात आहेत. नोंदवहीस तर कागदापलीकडे खर्च नाही. परंतु घरात पहिल्यांदाच या वाटेने निघालेल्या मुलास ‘अमक्यास जाऊन भेट’ असे सांगणारे कोणी असणे, याचे मोल आम्ही शिष्यवृत्तीइतकेच मानतो.

ज्या रोगाने आपल्या अनेक घरांतील कर्ता माणूस अकाली नेला, त्या रोगाचा शोध घेणाऱ्यांत आपल्या घरातील एखादे मूल असावे, ही इच्छा अवाजवी नाही. श्रद्धांजलीची पाने आपण श्रद्धेने छापतो आणि छापलीच पाहिजेत. त्याच स्मरणिकेत, पुढील काही वर्षांत, हृदयरोगावरील प्रबंधास डॉक्टरेट मिळाल्याबद्दल आपल्या एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे अभिनंदन छापण्याचा योग येवो. त्यासाठी दुपारच्या सभेत आपण सर्वांनी या ठरावाच्या बाजूने हात वर करावा, अशी विनंती करतो.